चुन्याच्या भिंतीला चुनाच हवा

प्रति,
कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या, पडक्या चर्चवास्तूंच्या डागडुजीचे आणि राखणीचे निर्णय ज्यांच्या सहीने होतात ते सर्व अधिकारी, अभियंते आणि लोकप्रतिनिधी

सप्रेम नमस्कार.

मी वसईची. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, आता निवृत्त आहे. पण हे पत्र शिक्षिका म्हणून लिहीत नाही. माझे आजोबा चुन्याचं काम करणारे गवंडी होते. त्यांची नात म्हणून लिहिते आहे.

आमच्या अंगणात चुन्याची घाणी होती. जमिनीत गोल दगडी चर, त्यातून फिरणारं दगडी चाक आणि चाकाला जुंपलेला बैल. भाजलेल्या शिंपल्यांचा चुना आधी पाण्यात विरवायचा, दिवसचे दिवस मुरवायचा आणि मग रेतीबरोबर घाणीत घालायचा. वरून गुळाचं पाणी, हिरड्याचा काढा. मधूनमधून आजोबा चरात वाकून बोटावर थोडा चुना घ्यायचे आणि अंगठ्याने चोळून बघायचे. एक कण जरी हाताला लागला तरी म्हणायचे, "फिरवा अजून." बैल पुन्हा चालू लागायचा. मी सहा-सात वर्षांची असेन. तो चुना हाताला लोण्यासारखा लागायचा आणि नंतर बोटांची सालं निघायची, एवढं मला पक्कं आठवतं.

आजोबा मला वसईच्या किल्ल्यात घेऊन जायचे. लोक समुद्र बघायला जात, आम्ही भिंती बघायला जायचो. एखाद्या पडक्या चर्चच्या भिंतीला हात लावून ते दोन दगडांमधला चुना नखाने खरवडायचे. खरवडला जात नसे. "बघ, आपल्या लोकांचा हात आहे," म्हणायचे. चर्च पोर्तुगिजांनी बांधली असं पुस्तकात लिहिलेलं असतं. आजोबांच्या लेखी ती आपल्याच लोकांनी बांधली होती. नकाशा परक्यांचा, हुकूम परक्यांचा, पैसाही त्यांनी इथूनच वसूल केलेला. पण दगड घडवणारे, चुना मळणारे आणि डोक्यावरून तगारी वाहणारे हात याच किनाऱ्यावरचे होते.

गेल्या डिसेंबरात मी आणि माझा भाचा असा दोघांनी हा सगळा किनारा पुन्हा पाहिला. ठरवून, ओळीने. पोर्तुगीज या पट्ट्याला 'प्रोव्हिन्सिया दो नॉर्ते' म्हणत, म्हणजे उत्तर प्रांत. खाली चौल-रेवदंडा, वर दमण आणि पार दीव, आणि राजधानी आमची वसई. मुंबईसुद्धा याच प्रांतातली. १६६१ च्या विवाह-तहात ती इंग्लंडच्या राजाला आंदण गेली आणि तिचं नशीब वेगळं झालं. बाकीचा प्रांत १७३७ ते १७४० या काळात मराठ्यांनी जिंकून घेतला. दमण आणि दीव मात्र थेट डिसेंबर १९६१ पर्यंत त्यांच्याकडे राहिली. एवढा मोठा प्रांत, पण आज आपल्या मुलांना त्याचं नावही माहीत नाही.

रेवदंड्यापासून सुरुवात केली. तिथे गावात शिरणारा रस्ताच कोटाच्या दरवाजातून जातो. आत नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि त्या वाड्यांमध्ये चर्च. म्हणजे चर्चचे अवशेष. एका वाडीत आम्ही मालकाची परवानगी घेऊन शिरलो. पाटाचं पाणी वाहत होतं, पोफळीची वाळलेली झावळं पडली होती आणि त्या हिरव्या काळोखात अचानक एक अख्खी कमान उभी होती. कमानीच्या माथ्यावर पिंपळ. मालक म्हातारे होते. म्हणाले, "बाई, आम्ही हात लावत नाही. लावला तर तुम्ही का लावला म्हणून विचारतील, नाही लावला तर पडेल. कोणाला विचारायचं ते तरी सांगा." मला सांगता आलं नाही. तेच विचारण्यासाठी हे पत्र आहे. कोटातल्या उंच मनोऱ्याला गावात सातखणी म्हणतात. त्याचे सातही मजले आता उरलेले नाहीत. उरलेत ते किती पावसाळे काढतील, हे आपल्यापैकी कोणी तिथे जाऊन पाहिलं आहे का?

साळावचा पूल ओलांडून कोर्लईला गेलो. डोंगराच्या सोंडेवर किल्ला, किल्ल्यात पडकं चर्च, तिन्ही बाजूंना पाणी. खाली गावात एक आजी अंगणात सुकट वाळवत बसल्या होत्या. नातवाशी बोलत होत्या ती भाषा मराठी नव्हती, कोकणीही नव्हती. विचारलं तर म्हणाल्या, "नॉ लिंग." म्हणजे आपली भाषा. पोर्तुगीज आणि मराठी एकमेकांत मिसळून झालेली ही बोली जेमतेम हजारभर माणसं बोलतात, आणि तिचं गाव हेच. आजी माझ्याशी मात्र अस्सल रायगडी मराठीत बोलल्या. चहा दिला. "वरचं देऊळ आमच्या बापजाद्यांचं," म्हणाल्या. आमच्या वसईचे ख्रिस्ती शेजारीही चर्चला देऊळच म्हणतात. लहानपणी "देवळात जाऊन येते" म्हणणारी मैत्रीण चर्चमध्ये निघाली आहे की मारुतीच्या देवळात, हे तिच्या कपड्यांवरून ओळखायचं.

पुढे बोरिवलीची मंडपेश्वर लेणी पाहिली, वसई तर घरचीच, शेवटी दमण. दमणला मोटी दमणच्या कोटात १६०३ सालचं बॉम जीझसचं चर्च अजून नांदतं आहे. लाकडावरचं कोरीव काम जागच्या जागी आहे, बाकं पुसलेली असतात. जिथे माणसं रोज प्रार्थना करतात तिथे भिंतीला चुना लागतो, कौलं बदलली जातात. रमेदी, पापडी, सांडोर, नंदाखाल, आमच्याकडची ही सगळी नांदती चर्च गावकऱ्यांनी सांभाळली आहेत. त्यांच्यासाठी मी आपल्याकडे काही मागत नाही. माझं मागणं आहे ते जिथे आता घंटा वाजत नाही त्या भिंतींसाठी. त्यांना आपल्याशिवाय कोणी नाही.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार सिमेंटची. दोन वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावरच्या एका पडक्या चर्चमध्ये गेले होते. ठिकाणाचं नाव लिहीत नाही, कारण मला एका कार्यालयाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. ही पद्धतच सगळीकडे बदलायला हवी आहे. तिथे काम चालू होतं. मला आनंद झाला. जवळ गेले तर दगडांच्या सांध्यांतला जुना चुना छिन्नीने उकरून काढून तिथे राखाडी सिमेंट भरत होते. काम करणारा मुलगा विशीतला असेल. "हे सिमेंट का?" विचारलं. "पोती तीच आलीत," म्हणाला. त्याचा काय दोष? मी दुसऱ्याच दिवशी संबंधित कार्यालयात लेखी निवेदन दिलं. साडेतीन महिन्यांनी उत्तर आलं की आपले निवेदन पुढील कार्यवाहीसाठी वर्ग करण्यात आले आहे. त्यानंतर आजतागायत काही नाही.

गेल्या डिसेंबरात त्याच भिंतीसमोर पुन्हा उभी राहिले. सिमेंट जसंच्या तसं होतं, नवं कोरं. दगड मात्र सोलत होता. सिमेंटच्या रेषा चौकटीसारख्या पुढे आलेल्या आणि मधले दगड आत गेलेले, पापुद्रे सुटलेले. एका दगडावरून बोट फिरवलं तर पांढरी भुकटी बोटाला लागली. जिभेला लावून पाहिली. खारट.

आपल्यातल्या अभियंत्यांना हे मी सांगायला नको, पण ज्यांच्या सहीने पैसा मंजूर होतो त्यांच्यासाठी सांगते. समुद्राकाठच्या भिंतीत ओल असतेच. दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि वर्षभर खारा वारा. चुना मऊ असतो, त्याला बारीक छिद्रं असतात. भिंतीत शिरलेलं पाणी त्या सांध्यांतून हळूहळू बाहेर पडतं, मीठही चुन्यातच साठतं. झिजला तर चुना झिजतो, आणि तो पुन्हा भरता येतो. सिमेंट पाण्याची ती वाट बंद करतं. मग पाणी दगडातून बाहेर पडायला बघतं, मीठ दगडाच्या पोटात साखळतं आणि आतून दगडाचाच पापुद्रा उडवतं. चुना झिजावा आणि दगड वाचावा, असं जुन्या गवंड्यांचं गणित होतं. आपण नेमकं उलटं केलं. चारशे वर्षं टिकलेला दगड दोन वर्षांत सोलवटला आणि त्यासाठी सरकारी पैसा खर्च झाला.

हे आपल्याला ठाऊक नाही असंही नाही. देशाच्या संरक्षित स्मारकांसाठी २०१४ साली जे राष्ट्रीय जतन धोरण आलं, त्यातच पारंपरिक साहित्य आणि पारंपरिक कारागीर यांना महत्त्व दिलं आहे. मग कागदावरचा चुना भिंतीपर्यंत येताना सिमेंट का होतो? मला जे दिसतं ते सांगते. अंदाजपत्रक नेहमीच्या दरसूचीवरून बनतं, निविदा सगळ्यात कमी दराला जाते, आणि काल गटाराचं काम केलेला कंत्राटदार आज चर्चचं काम करतो. शिवाय पैसे फेब्रुवारीत येतात आणि मार्चअखेर संपवायचे असतात. चुन्याला ही घाई मानवत नाही. चुन्याचं काम पाऊस सरल्यावर हाती घ्यायचं असतं, ऑक्टोबर ते जानेवारी. भरलेल्या सांध्यांवर ओलं गोणपाट टाकून कित्येक दिवस ओल राखायची, म्हणजे चुना हवेतून घट्ट होत जातो. मार्चच्या उन्हात भरलेला चुना वरून सुकतो, आतून कच्चा राहतो आणि पहिल्या पावसात वाहून जातो. मग लोक म्हणतात, चुना टिकत नाही, सिमेंटच बरं.

दुसरी तक्रार झाडांची. पक्ष्यांनी टाकलेलं बी चुन्याच्या सांध्यात रुजतं. वड, पिंपळ, उंबर. पहिल्या वर्षी ते रोप दोन बोटांनी उपटता येतं. पाचव्या वर्षी मूळ मनगटाएवढं झालेलं असतं आणि दगड सरकलेले असतात. आपल्याकडे साफसफाई होते, नाही असं नाही. पण ती कोयत्याची असते. बुंधा भिंतीलगत छाटतात, फोटो काढतात आणि बिल निघतं. छाटलेला पिंपळ पुढच्या पावसात दुप्पट फांद्यांनी फुटतो आणि मुळं आणखी जाड होतात. मूळ मारून, ती पोकळी चुन्याने भरून घेतल्याशिवाय त्या छाटणीला काही अर्थ नाही. आणि मूळ फार जाड झालेलं असेल तर ते ओढून काढायचंही नसतं, कारण त्या वेळी भिंत त्याच मुळाच्या आधाराने उभी असते. हे कळणारा माणूस तिथे हजर असावा लागतो. रोपं उपटणं हे मात्र कोणाही साध्या माणसाच्या हातचं काम आहे. शिडी आणि वर्षातून चार दिवस, एवढंच त्याला लागतं.

तिसरी तक्रार जमिनीवरच्या अक्षरांची. वसईच्या किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन पंथाच्या चर्चमध्ये जमिनीत थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत. त्यांवर पोर्तुगीज अक्षरं, काहींवर कुळाची चिन्हं. कोणाची बायको, कोणाचा मुलगा, कोणी स्वतःसाठी आणि वारसांसाठी राखून ठेवलेली जागा. मी मुलांची सहल घेऊन जायचे तेव्हा एखाद्या शिळेवर पाणी शिंपडायचे. ओल्या दगडावर अक्षरं उठून दिसतात. मुलं गुडघ्यांवर बसून बोटाने गिरवायची. या डिसेंबरात त्याच शिळांवर लग्नाआधीच्या फोटोंसाठी दोन माणसं दिवे उभे करत होती. लोखंडी तिकाटणं शिळेवर सरकवत नेत होती आणि दगडावर पांढरे ओरखडे उठत होते. नवरीमुलीचा झगा मोठ्या घेराचा, सुंदर होता. तिचा काहीच अपराध नव्हता. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की ती कोणाच्या तरी थडग्यावर उभी आहे. तिथे तसं लिहिलेलं कुठे आहे? रखवालदार लांब दरवाजाशी. त्यांचाही दोष नाही. एवढा मोठा किल्ला, ठायी ठायी पडझड, एकट्यादुकट्या माणसाने कुठे कुठे पुरं पडायचं?

भिंतींवर नावं कोरणाऱ्यांविषयी मी फार लिहीत नाही. कायदा आहे. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली तेव्हापासून संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याचे फलक जागोजागी आहेत. फलकावरच कोणीतरी नाव कोरलेलं मी पाहिलं आहे.

चौथी तक्रार माझ्या जिवाला सगळ्यात जास्त लागलेली आहे. वास्तूंवर माहिती नाही. मराठीत तर नाहीच. नियम आहेत, इशारे आहेत, पण समोरच्या इमारतीचं नाव काय, ती कोणी बांधली, तिथे काय घडलं, हे वाचायला मिळत नाही. वसईच्या किल्ल्यात जेझुइट पंथाच्या पाद्र्यांच्या चर्चची दर्शनी भिंत उभी आहे. तिच्यासमोर रोज शेकडो माणसं फोटो काढतात. त्यांतल्या किती जणांना माहीत असेल की वसईत सोळाव्या शतकात जन्मलेला एक मुलगा याच जेझुइटांच्या सहवासात वाढला, जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मारला गेला? संत गोन्सालो गार्सिया. १८६२ साली त्यांना संतपद मिळालं. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत आमच्या गावचा आहे, आणि त्याच्या भिंतीसमोर त्याच्यासाठी धड चार ओळी नाहीत. पलीकडे सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्याखाली दारावर १६०१ सालचा शिलालेख आहे. त्याचं मराठी भाषांतर शेजारी लावायला किती खर्च येईल?

इथे मला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे, कारण बैठकांमध्ये ती दबक्या आवाजात बोलली जाते आणि कामं तिथेच अडतात. "हे परक्यांचं. त्यांनी आपली देवळं पाडली. त्यांची चर्च आपण का सांभाळायची?" मी तीस वर्षं इतिहास शिकवला आहे. पोर्तुगीज राजवटीने देवळं पाडली हे मी दर वर्षी वर्गात शिकवलं, लपवलं नाही. मंडपेश्वरला जा. शैव लेणी होती, तिचं सोळाव्या शतकात चर्च केलं. आत एका भिंतीवर मूर्ती तासून काढून तिथे कोरलेला क्रूस अजून आहे. आज तिथे पुन्हा शिवाची पूजा होते, आणि लेणीच्या डोक्यावर त्यांच्याच मठाचे पडके अवशेष आहेत. एका खडकात एवढं सगळं आहे. यातलं काय पाडून टाकायचं म्हणता? जे घडलं ते तिथे उभं आहे म्हणून तर मी मुलांना हात लावून दाखवू शकले.

चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये वसई घेतली. त्या मोहिमेत हजारोंचे प्राण गेले. आमच्याकडे आजही तिचं नाव निघालं की माणसं ताठ होऊन बसतात, आणि बसायलाच हवं. पण शरण आलेल्यांना अप्पांनी आपलं सामानसुमान घेऊन निघून जाऊ दिलं, हीदेखील त्याच विजयाची गोष्ट आहे. चर्चच्या घंटा मराठ्यांनी वितळवून टाकल्या नाहीत. त्या देवळांत गेल्या. भीमाशंकरला आहे. नाशिकच्या नारोशंकराची घंटा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर जी घंटा टांगलेली आहे तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. माझे आजोबा मेणवलीला गेले होते तेव्हा त्यांनी त्या घंटेला नमस्कार केला. देवळातली घंटा म्हणून केला की आमच्या वसईची म्हणून, ते मी कधी विचारलं नाही. जिंकणाऱ्यांनी घंटा जपली, आणि अडीचशेहून जास्त वर्षांनी आपण ती घंटा जिथे वाजत होती त्या मनोऱ्याच्या मुळाशी पिंपळ वाढू देतो आहोत.

सगळंच वाईट आहे असं मी म्हणत नाही. वसईच्या किल्ल्यात रविवारी पोरं येतात, दुर्गप्रेमी म्हणवतात, पोत्यांत कचरा भरून नेतात. त्यांत कुठल्या घरचा कोण, हे कोणी विचारत नाही. आता भाईंदरहून रो-रो बोट सुरू झाली, गाडीसकट माणसं थेट वसईच्या किनाऱ्याला उतरतात. येणारी गर्दी वाढतच जाणार. गर्दीला माझा विरोध नाही, माणसं येऊ देत. फक्त गर्दी एप्रिलमध्ये वाढणार आणि शौचालयाचा प्रस्ताव त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये येणार, असं होऊ नये. आज बायाबापड्यांना पडक्या भिंतींच्या आडोशाला जावं लागतं. त्या भिंती कोणाच्या तरी गाभाऱ्याच्या आहेत. हे लिहिताना मला लाज वाटते.

तर माझ्या मागण्या साध्या आहेत.

या किनाऱ्यावरच्या कुठल्याही जुन्या चर्चवास्तूच्या डागडुजीत सिमेंट वापरायचं नाही, असा लेखी आदेश काढा आणि तो कामाच्या जागी मराठीत लावा, म्हणजे पोती उतरवणाऱ्या मुलालाही वाचता येईल. जिथे सिमेंट भरून झालं आहे तिथली यादी करा. ते काढताना दगड फुटू नये म्हणून हाताने, सावकाश काढावं लागेल. ज्याला चुन्याचा अनुभव आहे त्यालाच काम मिळेल अशी अट निविदेत घाला आणि चुन्यासाठी वेगळी दरसूची करा. पैसे सप्टेंबरात द्या, मार्चात नको.

वसई, रेवदंडा, कोर्लई, जिथे म्हणून हे अवशेष आहेत तिथे प्रत्येक वास्तूची नोंद करा. रेवदंड्याच्या वाड्यांमधले अवशेषही त्यात घ्या. वाडीमालकांना गुन्हेगारासारख्या नोटिसा पाठवू नका. त्यांच्या अंगणात बसा, चहा घ्या, त्यांना एक फोन नंबर द्या, की कमानीचा दगड हलला तर या माणसाला कळवा. संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरमध्ये बांधकामाला बंदी आहे आणि पुढच्या दोनशे मीटरवर निर्बंध आहेत, म्हणून कमानीजवळ राहणारा माणूस आपल्याकडे यायलाच घाबरतो. घरची गळकी पडवी दुरुस्त करायची परवानगी कशी मागायची, हे त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगा. तो आपला पहिला रखवालदार होईल.

थडग्यांच्या सगळ्या शिळांचे नीट फोटो आणि ठसे घ्या, वाचन करून घ्या, आणि ते लोकांना पाहायला खुले ठेवा. अक्षरं पुसट होत चालली आहेत, यात उशीर करून चालणार नाही. शिळांभोवती साधा दोर बांधा. फोटोवाल्यांना बंदी घाला असं मी म्हणत नाही. परवाना द्या, शुल्क घ्या, जागा ठरवून द्या, आणि ते शुल्क त्याच वास्तूवर खर्च होऊ द्या.

प्रत्येक वास्तूसमोर मराठीत माहिती लावा. मजकूर लिहून द्यायला या भागात जाणकारांची कमतरता नाही. नसेल कोणी तर मी लिहून देते, एक पैसा न घेता.

शेवटची मागणी माणसांची. चुन्याची कामं जाणणारे गवंडी आता या पट्ट्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत, तेही साठी-सत्तरीचे. आजोबांनंतर आमच्या घरात कोणी हे काम घेतलं नाही. घाणीचं चाक आमच्या परसात तुळशीशेजारी पडून आहे. या म्हाताऱ्या गवंड्यांना रोजंदारीवर नाही, गुरुजी म्हणून बोलवा. एखाद्या पडक्या चर्चच्या आवारातच एक घाणी बसवा. गावातली दहा पोरं घ्या आणि त्यांना दोन हिवाळे शिकू द्या. सगळ्या किनाऱ्याला पुरतील एवढे हात त्यातून तयार होतील. आज हे केलं नाही, तर दहा वर्षांनी आपल्याकडे पैसा असेल, आदेश असेल, चुना असेल, आणि तो बोटावर घेऊन बरोबर झाला की नाही हे सांगणारा माणूस नसेल.

पाऊस जूनमध्ये लागतो. रेवदंड्याच्या त्या कमानीवरचा पिंपळ त्याआधी कोणीतरी येऊन बघावा, एवढं तरी लगेच व्हावं. वाडीमालकांना मी शब्द दिला आहे की कोणाला विचारायचं ते कळवीन. उत्तराची वाट पाहते आहे. बैठकीला बोलावलंत तर येईन, आणि घाणीचं चाक हवं असेल तर आमच्या परसातून घेऊन जा.

कळावे,
आपली नम्र,
वसईच्या एका गवंड्याची नात